दोन सम्राट, एक नाणं: रोमन सुवर्णनाण्यांच्या पितळी संचाची पारख

शाळेतल्या इतिहासाच्या कपाटासाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी घ्यावा असा सहा नाण्यांचा एक संच सध्या विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमध्ये विकायला येतो आहे. किंमत 1,850 रुपये. पितळेवर सोन्याचा मुलामा, लाकडी पेटी, आत काळ्या फोममध्ये सहा खळगे आणि सोबत 16 पानांची मराठी पुस्तिका. विषय मात्र फार चांगला निवडला आहे. एकाच वेळी गादीवर असलेले दोघे ज्यांवर दिसतात अशी रोमन सोन्याची नाणी, इसवी सन 161 पासून थेट सातव्या शतकापर्यंतची. निकाल आधीच सांगून टाकतो: तीन नाणी उत्तम, दोन चालण्यासारखी, एक चुकीचं. पुस्तिका दुरुस्त करून वाचावी लागते. आणि एका कामासाठी संच आणल्याच्या दिवशीच सोनाराकडे न्यावा लागतो. ते काम काय, ते पुढे येईलच.

आधी वजन आणि जाडी, कारण खरी गोम तिथेच आहे. नीरोनंतरचं ऑरियस, म्हणजे रोमचं सोन्याचं मुख्य नाणं, साधारण 7.2 ग्रॅमचं. आजच्या सराफी हिशेबात पाऊण तोळ्याला थोडं कमी. डायोक्लेशनच्या काळात एका रोमन पौंडात 60 नाणी पाडायची असं ठरलं आणि वजन 5.4 ग्रॅमच्या आसपास आलं. कॉन्स्टंटाईनने पौंडात 72 धरून सॉलिडस काढलं, ते साडेचार ग्रॅमचं, आणि ते वजन पुढे कितीतरी शतकं टिकलं. हा सगळा प्रवास संचात वजनाने बरोबर उतरवला आहे. पहिली दोन नाणी 7.2, तिसरं 5.4 आणि शेवटची तिन्ही 4.4 ग्रॅम भरतात. पुढे मुलांच्या तळहातावर एकामागून एक ठेवली तर रोमचं सोनं कसं हलकं होत गेलं ते तराजूशिवाय कळतं. त्याबद्दल बनवणाऱ्याचं मनापासून कौतुक.

पण सोन्याची घनता 19.3 आणि पितळेची साधारण 8.5. वजन तेच ठेवायचं म्हटलं की पितळेचं नाणं दुपटीपेक्षा जाड होणार, त्याला इलाज नाही. खऱ्या ऑरियसची सरासरी जाडी सव्वा-दीड मिलिमीटर; इथे ती जवळजवळ 3 आहे. म्हणजे नाणं कमी आणि कोटाचं बटण जास्त. सॉलिडस तर मुळात पत्र्यासारखं पातळ असतं, रुंदी 21 मिलिमीटर आणि जाडी पाऊण मिलिमीटरही नाही. संचातलं दीड मिलिमीटर आहे. वजन आणि आकार यांपैकी एकच साधता येतं, तर आमच्या मते आकार साधायला हवा होता. चित्र डोळ्याने वाचायचं असतं, आणि जाड कडेमुळे त्या काळची कारागिरी प्रत्यक्षापेक्षा बोजड वाटते.

आता एकेक नाणं. पहिली तीन ओतीव आहेत, पुढची तीन ठप्प्यावर पाडलेली. हा फरक भिंगाशिवायही कळतो. ओतीव नाण्याच्या कडेवरून नख फिरवलं की साच्याच्या दोन पाळ्यांचा जोड लागतो, आणि सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. वितळलेल्या धातूत हवा अडकली की असे खड्डे पडतात.

पहिलं नाणं मार्कस ऑरेलियसचं, 161 सालचं. छाप्याच्या बाजूला मार्कसचा कुरळ्या केसांचा, दाढीचा चेहरा. काट्याच्या बाजूला मार्कस आणि लुशियस व्हेरस उभे, हातात हात घेतलेले. भोवती लेख ‘कॉन्कॉर्दिए ऑगुस्तोर’, म्हणजे दोघा ऑगस्टसांचा, सम्राटांचा, एकोपा. अँटोनायनस पायस 7 मार्च 161 रोजी वारला आणि त्याच्या दोन्ही दत्तक मुलांना एकदमच सम्राटपद मिळालं. बरोबरीचे दोन ऑगस्टस रोमने पहिल्यांदा पाहिले ते इथे. तरी बरोबरी पूर्ण नव्हती: मुख्य धर्माधिकाऱ्याचं पद एकट्या मार्कसकडे राहिलं, आणि लेखातल्या आकड्यांतही तो पुढेच आहे. मार्कसच्या नाण्यावर ‘कॉस’च्या पुढे तीन उभ्या रेघा येतात, कारण तो तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला रोमचा वरिष्ठ अधिकारी, होता; व्हेरसच्या नाण्यावर दोनच. संचातल्या नाण्यावर तीन आहेत आणि चेहरा मार्कसचा आहे, म्हणजे जुळणी बरोबर. व्हेरसचा चेहरा आणि मागे तीन रेघा अशी जोडी कुठे दिसली तर ते नाणं दोन वेगवेगळ्या साच्यांवरून जुळवलेलं समजावं. ओतीव असूनही इथे बोटं सुटी उमटली आहेत. दोन तळवे जिथे भेटतात तिथे अंगठ्याची रेघसुद्धा दिसते.

दुसरं सेप्टिमियस सेव्हेरसचं, 201-202 च्या सुमाराचं. मागे मधोमध ज्युलिया डोम्ना समोर बघणारी, आणि दोन्ही बाजूंना कॅराकॅला आणि गेटा ही दोन मुलं एकमेकांकडे तोंड करून. हे नाणं वाचायची किल्ली डोक्यावर आहे. कॅराकॅला 198 पासून ऑगस्टस, म्हणून त्याच्या केसांत लॉरेलच्या पानांचा मुकुट; गेटा तेव्हा नुसता सीझर, म्हणजे सम्राटाच्या खालच्या पदावरचा वारस, म्हणून त्याचं डोकं उघडं. संचात दोघांच्याही डोक्यावर पानं आहेत! मूळ नमुना झिजलेला असावा आणि केसांच्या बटांनाच पानं समजून कोरणाऱ्याने रेघा ठळक केल्या असाव्यात. चूक दिसायला केसाएवढी, पण तिच्यामुळे गेटाला 209 मध्ये मिळालेलं पद आठ वर्षं आधीच मिळतं. पुढे 211 च्या डिसेंबरात कॅराकॅलाने त्याला मारवलं आणि शिलालेखांवरून त्याचं नाव छिन्नीने खरवडून काढवलं. वर्गात हे नाणं दाखवताना उजवीकडचं डोकं उघडं समजा, एवढं सांगितलं की काम भागतं.

तिसऱ्यात डायोक्लेशन आणि मॅक्सिमियन शेजारी शेजारी बसलेले, प्रत्येकाच्या हातात पृथ्वीचा गोल, वर दोघांच्या मधोमध लहानशी विजयादेवी मुकुट घालते आहे. लेख बरोबर, चेहरे पुसट. चालेल.

संचाचा जीव चौथ्यात आहे. व्हॅलेंटिनियन पहिला याचं सॉलिडस, आजच्या जर्मनीतल्या ट्रियरच्या टाकसाळीचं. मागे दोन सम्राट सिंहासनावर समोर तोंड करून बसलेत आणि मधला गोल दोघांनी मिळून धरलाय. त्यांच्या मागून विजयादेवीचे पसरलेले पंख, खाली दोघांच्या मध्ये खजुराची फांदी. व्हॅलेंटिनियन 364 च्या फेब्रुवारीत सम्राट झाला, मार्चच्या अखेरीस त्याने धाकट्या भावाला, व्हॅलेन्सला, बरोबरीचं पद दिलं, आणि त्याच वर्षी पश्चिम एकाने, पूर्व दुसऱ्याने अशी वाटणी झाली. नाण्यावर दोघं सारख्याच उंचीचे आहेत, आणि तसंच हवं. याच चित्राची पुढची नाणी पाहिली तर व्हॅलेंटिनियनचा मुलगा ग्रेशन याच्या वेळी उजवीकडची आकृती चक्क लहान झालेली दिसते, कारण तिथे त्याचा पोरवयातला सावत्र भाऊ व्हॅलेंटिनियन दुसरा बसला आहे. ठप्प्यावर पाडल्यामुळे गुडघ्यांवरच्या वस्त्राच्या चुण्या एकेक मोजता येतात. अक्षरांच्या बुडाशी धातू बाहेरच्या बाजूला सरकल्याच्या बारीक रेषाही आहेत. नाणं खरंच ठोकून पाडलंय याची ती खूण.

इथे पुस्तिकेत दोन ओळी आपल्याकडच्या इतिहासाच्या हव्या होत्या. त्याच चौथ्या शतकात वाकाटकांच्याही दोन शाखा एकाच वेळी नांदत होत्या: एक नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनला, दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला. आणि राजा-राणी एकत्र दाखवणारं चंद्रगुप्त-कुमारदेवीचं गुप्तांचं सुवर्णनाणं तर याच धाग्यातलं. त्याच गुप्तघराण्यातली प्रभावतीगुप्ता लग्न होऊन वाकाटकांकडे आली आणि मुलं लहान असताना तिनेच कारभार पाहिला. वाशीम नाहीतर रामटेक तालुक्यातल्या मुलांना व्हॅलेंटिनियन-व्हॅलेन्स समजावायला याहून जवळचा दाखला कोणता?

लेख वाचायची एक सोपी युक्ती पुस्तिकेने दिली आहे, ती चांगली आहे. ‘ऑगस्टस’ या पदवीचं लघुरूप ए-व्ही-जी. सम्राट दोन असले की जी दोनदा, तीन असले की तीनदा. ‘आमचे’ या अर्थाचा एनसुद्धा असाच दुहेरी होतो, आणि ‘धनी’ या अर्थाचा डीही. पण हा नियम पुस्तिकेने शेवटपर्यंत ताणला, आणि पाचव्या नाण्यापाशी घोटाळा झाला.

पाचवं जस्टिन पहिला आणि जस्टिनियन यांचं, 527 सालचं. या मामा-भाच्यांचं संयुक्त राज्य एप्रिल ते ऑगस्ट एवढंच चाललं, त्यामुळे नाणं दुर्मिळ. छाप्यावर दोघंही समोरासमोर नव्हे, तर शेजारी बसून आपल्याकडे बघताहेत. मागे लांब क्रूस धरलेला देवदूत आणि लेखात तीन जी. पुस्तिका म्हणते, ‘तिसरा सम्राट चित्रात दाखवलेला नाही.’ तिसरा नव्हताच. त्या काळापर्यंत तीन जी ही लेखाची ठरून गेलेली धाटणी झाली होती. जस्टिनियन एकटा उरला तेव्हाही तीनच जी येत राहिले. दुसरी चूक त्याहून मोठी: या दोघांना पुस्तिकेने ‘राजा-राणी’ म्हटलं आहे. शेजारी बसलेली जोडी दिसली की आपली नजर लक्ष्मी-नारायण बघते, हे स्वाभाविक आहे. व्हेनिसच्या डुकॅट या सोन्याच्या नाण्यावर डोज, म्हणजे तिथला शासक, आणि संत मार्क हे दोन पुरुष आहेत, तरी आपल्याकडे त्या जोडीत देव आणि देवी पाहिली गेली आणि त्याच नाण्यावरून गळ्यातली पुतळी आली. शिवाय जस्टिन दुसरा आणि त्याची राणी सोफिया यांचं शेजारी बसलेलं नाणं खरोखर आहे. फक्त ते तांब्याचं आहे आणि जवळपास चाळीस वर्षांनंतरचं. दोन जस्टिनांची गल्लत झाली असणार. नाणं मात्र निर्दोष उतरलं आहे.

सहावं चुकीचं. सातव्या शतकातला सम्राट हेराक्लियस आणि त्याचा मुलगा हेराक्लियस कॉन्स्टंटाईन. मुलगा 612 च्या मे महिन्यात जन्मला आणि 613 च्या जानेवारीत, म्हणजे नऊ महिन्यांचाही झाला नव्हता तेव्हा, सहसम्राट झाला. बापलेकांच्या या नाण्यांचा काळ चेहऱ्यांवरून ओळखता येतो, ही त्यांची मोठी गंमत. सुरुवातीच्या नाण्यांवर बाप आखूड दाढीचा आणि पोरगं अगदी लहान. मग पोराचा चेहरा वाढत जातो. 629 च्या पुढे बापाला छातीपर्यंत लांब दाढी आणि मिशा येतात, तेव्हा मुलगाही मोठा झालेला असतो. त्यानंतरच्या नाण्यांवर बाप आणि दोन मुलं असे तिघं उभे. संचातल्या नाण्यावर बापाची दाढी शेवटच्या काळातली आणि पोरगं पहिल्या काळातलं. दोन फोटो समोर ठेवून एक ठप्पा कोरला की असं होतं. मागची बाजू ठीक आहे: तीन पायऱ्यांवरचा क्रूस, खाली ‘कॉनॉब’. त्यातलं ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. ‘ओबी’ हे शुद्ध सोन्याच्या लॅटिन शब्दाचं लघुरूप, आणि ग्रीक अंकांत तेच 72 होतात, पौंडात जितकी नाणी तितकेच. बदलून द्यायला सांगावं ते या नाण्याला.

आता सोनाराकडचं काम. सहापैकी एकाही नाण्यावर ‘प्रतिकृती’ असा शिक्का नाही. अमेरिकेत 1973 च्या कायद्याने नकली नाण्यावर तसा शब्द उमटवणं बंधनकारक आहे. इथे तो फक्त पेटीच्या झाकणावर आहे, आणि झाकण नाण्याबरोबर फिरत नाही. वावरात गुप्तधन सापडलं, गरज आहे म्हणून स्वस्तात देतो, असं सांगून पिवळी नाणी गळ्यात मारणाऱ्या टोळ्या आपल्या भागाला नवीन नाहीत. त्यांची पद्धतही ठरलेली: पहिलं नाणं खरं देतात, ते सराफाकडे कसाला उतरतं, आणि मग पिशवीभर पितळ येतं. लग्नाच्या हंगामात, घरात कापसाचे पैसे आलेले असताना, अशा नाण्याला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. म्हणून शिक्का आपणच मारून घ्यायचा. जाडीचा एवढा एक फायदा आहे की ऑरियसच्या कडेवर जागा भरपूर आहे. नाणं लाकडाच्या दोन पट्ट्यांत धरून शिकंज्यात उभं घट्ट बसवायचं आणि दीड मिलिमीटरच्या अक्षर-ठशाने कडेवर ‘प्र’ किंवा ‘नकली’ उमटवायचं. हातोडीचा एकच नेमका घाव घालावा. दुसरा घातला की अक्षर दुहेरी होतं. सॉलिडसची कड अरुंद, तिथे मागच्या बाजूला काठाजवळ लेख नाही अशी जागा बघावी. घावाने तिथला मुलामा उडतो आणि आतलं पितळ दिसतं. ते झाकू नका, तीच खूण.

कडी लावून गळ्यात घालायला म्हणून एखादं नाणं मागितलं जाईल. दक्षिण भारतात सापडलेल्या कित्येक रोमन आणि बायझँटाइन सोन्याच्या नाण्यांना चेहऱ्याच्या वर दोन छिद्रं पाडलेली आहेत, म्हणजे हौस जुनीच. पण झाळकामाच्या आचेने हा मुलामा काळा पडतो, आणि गळ्यात गेलेल्या नाण्याची जाडी कोणी बघत नाही. देऊ नये.

पितळ की सोनं हे घरच्या घरी ताडता येतं, आणि संचातलं नाणं त्या प्रयोगाला उत्तम आहे. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. नाण्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. शिवणाच्या बारीक दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा. बुडाला, कडेला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. 7.2 ग्रॅमचं खरं ऑरियस 0.37 ते 0.38 दाखवेल, भागाकार 19 च्या पुढे. संचातलं 0.85 च्या आसपास दाखवतं, भागाकार साडेआठ. आकडा चुकतो तो बहुधा हवेच्या बुडबुड्यांमुळे. ते नक्षीच्या खाचांत चिकटून बसतात आणि घनता खऱ्यापेक्षा कमी दिसते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की सुटतात. सॉलिडसला 0.01 ची चूकसुद्धा चार टक्क्यांना पडते, म्हणून तीनदा मोजा. टंगस्टनची घनता सोन्याएवढीच असल्याने तो या परीक्षेतून सुटतो. तिथे सराफाचं टंच काढायचं मशीनच हवं. लोहचुंबक लावण्यात अर्थ नाही, तो सोन्याला ओढत नाही आणि पितळेलाही नाही. कसोटीवर घासाल तर संचातलंच घासा: पहिली रेघ पिवळीधमक, त्याच जागी आणखी घासलं की पितळेची, आणि तिच्यावर नायट्रिक आम्ल पडलं की ती हिरवट फेस होऊन जाते. खऱ्या जुन्या नाण्याला कस लावणं म्हणजे त्याचं कायमचं नुकसान.

पेटी बदला. टिनाच्या छपराच्या खोलीत, मे महिन्याच्या 45 अंशांत फोमखालचा गोंद सुटतो आणि नाणी एकमेकांवर आपटतात. पावसाळ्यात त्याच फोममध्ये दमट हवा धरून राहते आणि मुलामा जिथे विरळ आहे, म्हणजे नाक, गुडघे, कडा, तिथून पितळ कळकायला लागतं. जाड पुठ्ठ्यात नाण्याच्या मापाची भोकं कापून खाली धुतलेलं सुती कापड अंथरलं तरी पुरे. मऊ पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे वापरू नयेत, त्यातून सुटणारं आम्ल नाणं हिरवं करतं. डाग पडला तर कोरड्या मऊ कापडाने टिपा. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर लावली की दोन घासण्यांत मुलामा गेलाच.

पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं आहे, तिथे एक माहिती हाताने लिहून ठेवावी. पांढरीच्या मातीत, गढीच्या पायथ्याशी किंवा वखराच्या पाशीला लागून जुनी नाणी वर येतात ती आपल्याकडे बहुतेक शिसं, तांबं नाहीतर पोटीनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूची. तऱ्हाळ्याला 1939 मध्ये निघालेला सातवाहनांचा साठा पोटीनचाच. धातू कोणताही असो, जमिनीत दडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. अर्ज तहसीलमार्फत देताना पोच घ्यावी. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि ठेव्यावर कोणाचा जुना मालकी हक्क निघाला नाही, तर वेगळा करार नसताना सापडवणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक-चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देतं. नाणी धुवायची नाहीत, घासायची नाहीत. ज्या मातीत निघाली तिची मूठभर माती त्याच कागदात बांधून ठेवायची आणि वावरातली जागा बांधापासून पावलं मोजून लिहून ठेवायची.